बेअर्सचे स्टेडियम आणि आमची घरपट्टी

शिकागोच्या वायव्येला, रेल्वेने पाऊण तासाच्या अंतरावर, आर्लिंग्टन हाइट्स नावाचे सुमारे पाऊण लाख वस्तीचे उपनगर आहे आणि त्याला लागूनच असलेल्या पॅलाटाइनमध्ये आम्ही राहतो. शाळेतली पालकसभा असो, गणपतीचे जेवण असो किंवा केस कापायला गेल्यावर लागणारी रांग असो, २०२१ पासून आमच्या भागातली बोलणी फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात: शिकागो बेअर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाने शहर सोडून आमच्या शेजारी स्टेडियम बांधावे की नाही? गावाकडच्या मंडळींना फोनवर हे सांगितले की ‘मग बांधू दे की, तुम्हाला सामने जवळ पडतील’ असे उत्तर येते. गोष्ट तेवढी सोपी नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहे.

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, शिरस्त्राणे घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. बेअर्स हा या खेळातल्या सर्वात जुन्या संघांपैकी एक. १९२० मध्ये इलिनॉय राज्यातल्याच डिकेटर गावी एका स्टार्च कंपनीचा संघ म्हणून तो सुरू झाला आणि जॉर्ज हॅलस यांनी पुढच्याच वर्षी त्याला शिकागोत आणले. मालकी आजही हॅलस यांच्या वंशजांकडे आहे. त्यांच्या कन्या व्हर्जिनिया मॅककॅस्की २०२५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तल्या. एवढा जुना आणि एवढा श्रीमंत संघ, पण शिकागोत आल्यापासून तो भाडेकरूच राहिला आहे. १९७० पर्यंत त्याने रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानात दिवस काढले आणि १९७१ पासून तो मिशिगन सरोवराच्या काठावरच्या सोल्जर फील्डमध्ये खेळतो, जे शहराच्या उद्यान विभागाच्या मालकीचे आहे. स्वतःच्या घराची ओढ त्यांना का असावी, हे भाड्याच्या खोलीत संसार थाटलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की या घराच्या खर्चातला वाटा आम्ही उचलावा अशी त्यांची अपेक्षा आहे.

सोल्जर फील्डची कथा ठाऊक असल्याशिवाय या वादातला कडवटपणा कळत नाही. १९२४ मध्ये उघडलेले आणि पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ नाव दिलेले हे स्टेडियम एके काळी देशाच्या ऐतिहासिक वारशांच्या यादीत होते. २००२-०३ मध्ये त्याचे जुने दगडी खांब बाहेर तसेच ठेवून आत काच आणि पोलादाची नवी बैठक बसवण्यात आली. ती इतकी विजोड दिसली की २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा काढून घेण्यात आला. एवढे करूनही आसने सुमारे ६१,५००, म्हणजे संपूर्ण लीगमध्ये सर्वात कमी. या कामासाठी सरकारी प्राधिकरणाने सुमारे ४० कोटी डॉलरचे रोखे काढले, ज्यांची परतफेड शहरातल्या हॉटेलांवरच्या करातून व्हायची होती. मोठे हप्ते पुढे पुढे ढकलत नेल्यामुळे वीस वर्षांनंतर ते कर्ज फिटण्याऐवजी ५० कोटी डॉलरच्या वर गेले आहे, आणि हॉटेलकरात तूट आली की ती शहराच्या वाट्याच्या प्राप्तिकरातून भरून काढली जाते. संघाचा करार २०३३ पर्यंत आहे. तो संपवून किंवा मोडून ते निघून गेले तरी कर्ज शिकागोकरांच्याच गळ्यात राहील. ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ या म्हणीचे इतके चोख उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

आता आमच्या बाजूची जागा. १९२७ पासून आर्लिंग्टन पार्क नावाचा घोड्यांच्या शर्यतींचा ट्रॅक तेथे होता. १९८५ च्या जुलैअखेर त्याची मुख्य इमारत जळून खाक झाली, तरी पंचविसाव्या दिवशी तात्पुरते मांडव घालून तेथल्या सर्वात मोठ्या शर्यतीचा कार्यक्रम पार पडला. आमच्या गल्लीतले वृद्ध शेजारी हे अजूनही कालच घडल्यासारखे सांगतात. २०२१ च्या २५ सप्टेंबरला शेवटची शर्यत झाली आणि त्याच आठवड्यात बेअर्सनी ही ३२६ एकर जमीन १९ कोटी ७२ लाख डॉलरला घेण्याचा करार केला. व्यवहार २०२३ च्या फेब्रुवारीत पूर्ण झाला आणि त्यानंतर प्रेक्षागारही पाडण्यात आले. याच जागेवर १९७५ च्या सुमारास हॅलस यांचीही नजर होती. तेव्हा शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी, संघ शहराबाहेर गेला तर त्याला शिकागोचे नाव लावू देणार नाही, असे ठणकावले होते. नावाचा हा मुद्दा शहरातली मंडळी आजही काढतात. मला तो फारसा पटत नाही, कारण न्यूयॉर्कचे नाव मिरवणारे जायंट्स आणि जेट्स हे दोन संघ बिनदिक्कत शेजारच्या न्यूजर्सी राज्यात खेळतात आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही.

जागा म्हणून पाहिले तर आर्लिंग्टन पार्क सरस आहे, हे विरोधकांनीही मान्य करावे. जमिनीला लागूनच मेट्रा रेल्वेचे स्थानक आहे, आंतरराज्य महामार्ग जवळ आहे आणि हंगामी तिकिटे घेणाऱ्यांपैकी बरेच जण उत्तर आणि वायव्य उपनगरांत राहतात. कायमचे छत असलेले स्टेडियम झाले तर शिकागोच्या हिवाळ्यातही सुपर बोलसारखा अंतिम सामना येऊ शकेल. डेट्रॉइट, इंडियानापोलिस आणि मिनियापोलिस या तितक्याच गारठलेल्या शहरांनी छताच्या जोरावर तो भरवून दाखवला आहे. (बर्फात कुडकुडत सामना पाहण्यातच बेअर्सचे खरे वैभव आहे, असे मानणारा एक पंथ येथे आहे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.) वाहतुकीची भीती मात्र खरी आहे, कारण आमच्याकडचा मार्ग ५३ उत्तरेला लेक-कुक रस्त्यापाशी संपतो आणि तेथून पुढे सगळी गर्दी गल्लीबोळांत शिरते. पण घरच्या मैदानावरचे सामने वर्षाला जेमतेम दहा. मैफिली आणि इतर कार्यक्रम जमेस धरले, तरी केवळ गर्दीच्या धास्तीने नकार द्यावा असे मला वाटत नाही.

मधल्या काळात शहराने संघाला थोपवण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये बेअर्सचे अध्यक्ष केविन वॉरन आणि महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी सरोवराच्या काठावरच नवे छतबंद स्टेडियम बांधण्याची ४ अब्ज ७० कोटी डॉलरची योजना मांडली, जिच्यात स्टेडियमसाठी सरकारी रोख्यांतून ९० कोटी डॉलर अपेक्षित होते. राज्यपाल जे. बी. प्रिट्झकर यांनी तिच्याकडे सुरुवातीपासूनच साशंकतेने पाहिले. शिवाय काठावरची जमीन जनतेची आणि मोकळीच राहिली पाहिजे, ही शिकागोची जवळजवळ दोन शतके जुनी श्रद्धा आहे आणि तिचा पहारा करणाऱ्या संस्था कोर्टात जायला कचरत नाहीत. चित्रपट-दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना आपले संग्रहालय २०१६ मध्ये याच कारणाने येथून हलवावे लागले. योजना बारगळली आणि २०२५ च्या मे महिन्यात संघ पुन्हा आर्लिंग्टन हाइट्सकडे वळला.

येथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. अंधेरी किंवा बोरिवली ही उपनगरे मुंबई महापालिकेचाच भाग आहेत. आमची उपनगरे मात्र शिकागो महापालिकेत येत नाहीत. प्रत्येकाचा महापौर वेगळा आणि पोलीस वेगळे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शाळा चालवणारी स्कूल डिस्ट्रिक्ट ही नगरपालिकेपासूनही स्वतंत्र, लोकांनी निवडून दिलेली आणि स्वतः कर लावणारी संस्था असते. आमच्या घरपट्टीच्या बिलावर या सगळ्यांची वेगळी ओळ असते आणि त्यांतला सर्वात मोठा आकडा शाळांचा असतो. ही घरपट्टी भारतातल्या घरपट्टीसारखी वर्षातून एकदा भरून विसरण्याजोगी नाही. देशातल्या सर्वाधिक दरांत इलिनॉयची गणना होते आणि कर्ज फिटलेल्या निवृत्त जोडप्यालाही तिच्यापायी घर विकावेसे वाटते.

बेअर्सचे खरे घोडे येथेच अडले आहे. जमीन विकत घेताच कुक काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) करनिर्धारकाने तिचे मूल्य आधीच्या साधारण ३ कोटी ३० लाख डॉलरवरून खरेदीच्या किमतीच्या जवळपास नेले. संघाने आक्षेप घेतला, तीन स्कूल डिस्ट्रिक्टनी त्याला उत्तर दिले आणि बरीच रस्सीखेच होऊन २०२४ च्या अखेरीस मोकळ्या जमिनीसाठी वर्षाला सुमारे ३६ लाख डॉलरवर तडजोड झाली. हा झाला नुसत्या जमिनीचा कर. कुक काउंटीत राहत्या घराचे करपात्र मूल्य बाजारभावाच्या १० टक्के आणि व्यापारी मालमत्तेचे २५ टक्के धरतात. अब्जावधी डॉलरच्या स्टेडियमला हा नियम लावला तर कर अफाट होईल, म्हणून दीर्घ काळासाठी वाटाघाटीने ठरवलेली ठरावीक रक्कम भरण्याची मुभा देणारा कायदा राज्याने करावा, अशी संघाची मागणी आहे. स्टेडियम आम्ही स्वतःच्या पैशाने बांधू, असे ते म्हणतात. मात्र रस्ते, सांडपाणी आणि रेल्वे यांसाठी त्यांनी सुमारे ८५ कोटी ५० लाख डॉलर सरकारकडून मागितले आहेत.

सवलतीची बाजू मांडणारे म्हणतात की, आज तेथे रिकामे माळरान आहे, तेव्हा जे काही मिळेल ते नफ्याचेच. हे अर्धसत्य आहे. इलिनॉयमध्ये स्कूल डिस्ट्रिक्ट आधी आपल्याला किती रक्कम लागेल ते ठरवते आणि मग ती सर्व मालमत्तांवर त्यांच्या मूल्याच्या प्रमाणात वाटली जाते. त्यामुळे शेजारी अब्जावधींची मालमत्ता उभी राहिली आणि तिने आपला पूर्ण वाटा उचलला, तर आमचा वाटा हलका होतो; तिला सवलत मिळाली तर तो हलका होत नाही. बेअर्सच्या २०२२ च्या आराखड्यात स्टेडियमखेरीज दुकाने, हॉटेल आणि घरेही होती. त्या घरांत मुले असणार, ती आमच्याच शाळांत येणार आणि ठरलेली रक्कम अपुरी पडली तर त्यांच्या शिक्षकांचा पगार आमच्या बिलातून जाणार. आमच्या ओळखीतले एक काका, ज्यांची नातवंडे येथे शाळेत आहेत, हे सारे ऐकून म्हणाले, “अहो, म्हणजे मॅचचं तिकीटही आपण काढायचं आणि घरपट्टीही आपणच भरायची?” त्यांनी आयुष्यभर हिशेबतपासनीसाचे काम केले आहे, त्यामुळे मुद्दा त्यांना एका वाक्यात सापडला.

उपनगरात जाण्याचे जुने दाखले दोन्ही तऱ्हेचे आहेत. डेट्रॉइटचा लायन्स संघ १९७५ मध्ये पाँटिअॅक या उपनगरातल्या छतबंद सिल्व्हरडोममध्ये गेला आणि २००२ मध्ये शहरात परतला. मागे राहिलेली ती अवाढव्य वास्तू पाँटिअॅकने २००९ मध्ये अवघ्या ५ लाख ८३ हजार डॉलरला विकली, आणि २०१७ मध्ये सुरुंग लावल्यावर पहिल्या प्रयत्नात ती पडलीसुद्धा नाही. याउलट बोस्टनजवळच्या फॉक्सबरो गावात पेट्रियट्स संघाच्या मालकाने आधी शेजारच्या कनेक्टिकट राज्याशी बोलणी करून पाहिली, पण अखेर स्वतःच्या खर्चाने स्टेडियम बांधले; मॅसॅच्युसेट्स राज्याने फक्त रस्ते आणि तत्सम कामांसाठी सुमारे ७ कोटी डॉलर दिले. २००२ पासून ते चालू आहे. आपल्याकडचे गहुंजे किंवा नागपूरजवळचे जामठा पाहिलेल्यांना एवढे नक्की ठाऊक असेल की शहराबाहेर मैदान नेणे सोपे असते, सामना संपल्यावर हजारो लोकांना एका महामार्गावरून घरी पोहोचवणे अवघड असते. आमच्याकडे रेल्वे स्थानक आहे, हा म्हणूनच मला सर्वात मोठा गुण वाटतो.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये वॉरन यांनी जाहीर पत्र लिहून, इलिनॉयचे विधिमंडळ दाद देत नसल्याने आपण वायव्य इंडियानातल्या जागांचाही विचार करू, असे कळवले. त्याच महिन्यात कॅन्सस सिटी चीफ्स संघाने मिसुरी राज्य सोडून सीमेपलीकडच्या कॅन्ससमध्ये जाण्याची घोषणा केल्यामुळे येथील बऱ्याच मंडळींचे धाबे दणाणले. मी मात्र लगेच घाबरणार नाही. १९९५ च्या सुमारासही बेअर्स इंडियानातल्या गॅरी शहराकडे निघाले होते आणि गेले नाहीत. समजा, या वेळी ते खरेच गेले, तर मला वाईट वाटेल. आमच्या मुलांचे रविवार याच संघाच्या हारजितीवर ठरतात. पण त्या वाईट वाटण्याची किंमत पुढची चाळीस वर्षे हप्त्याने भरायला मी तयार नाही.

माझे मत विचाराल तर स्टेडियम आर्लिंग्टन हाइट्सलाच व्हावे. राज्याने पैसे द्यायचे असतील तर ते सामना नसलेल्या मंगळवारीही लोकांच्या उपयोगी पडतील अशाच कामांना द्यावेत: स्थानकाचा विस्तार, पादचारी पूल, मार्ग ५३ वरचे चौक. कराची रक्कम वाटाघाटीने ठरणार असेल, तर त्या टेबलावर तिन्ही स्कूल डिस्ट्रिक्टना नकाराधिकारासह जागा हवी आणि दर काही वर्षांनी मालमत्तेच्या मूल्याप्रमाणे फेरआकारणी हवी. सोल्जर फील्डच्या उरलेल्या कर्जाचा काही भाग संघाने उचलावा, ही शिकागोच्या आमदारांची मागणीही मला रास्त वाटते, जरी ती मान्य झाल्याने माझ्या खिशात एक डॉलरही येणार नाही. राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड येथे विधिमंडळाचे वसंत अधिवेशन ३१ मेला संपते. त्यानंतर कोणताही कायदा तातडीने लागू करायचा तर तीन-पंचमांश मते लागतात. आमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला वरील अटींचे पत्र मी पाठवले आहे, आणि काकांनी त्यावर सही करताना आकडे पुन्हा एकदा तपासून घेतले आहेत.