आमची वाटचाल : भोसरीचं शेड आणि त्या रायफलचं फिक्स्चर

1996 ला भोसरीत भाड्याचं शेड, एक सेकंडहँड एचएमटी लेथ आणि मामा, एवढ्यावर सुरुवात. माझे सख्खे मामा नव्हेत, आमच्या गल्लीत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. टूलरूमचा माणूस. जुन्या कानशीचा स्क्रेपर, म्हणजे लोखंड खरवडून सपाट करायचं हत्यार, स्वतः घासून करायचे आणि ब्लू, म्हणजे उंचवटे दाखवणारा निळा रंग, लावून प्लेट अशी बसवायचे की वरची उचलताना खालची चिकटून यायची. पुढं पंधरा-सोळा वर्षं गेज (माप तपासायची साधनं), फिक्स्चर (काम घट्ट धरून ठेवणारी चौकट), ऑटोवाल्यांची कामं. सांगण्यासारखं काही नाही.

2012 ला एक पार्टी आली, नाव घेत नाही, वकील परवडत नाहीत. त्यांची अँटी-मटेरियल रायफल प्रोटोटाइप स्टेजला होती, म्हणजे लांबून उभी गाडी, रडार वगैरे निकामी करायची बंदूक. तिरुचिरापल्लीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची विध्वंसक तोवर आलेलीच होती, 12.7, 14.5 आणि 20 मिमी अशा तीन मापांच्या गोळ्यांची, बॅरल बदलून चालणारी, 12.7 ची रेंज 1800 मीटर. यांनाही तसंच काहीतरी करायचं होतं. लायसन्स त्यांचं, बंदूक त्यांची, आमच्याकडं फक्त टेस्ट फायरिंगचं फिक्स्चर. बंदूक क्लॅम्पमध्ये धरायची आणि भिंतीआडून दोरीनं ट्रिगर ओढायचा.

बेड, म्हणजे फिक्स्चरचा खालचा बिडाचा पाया, कोल्हापूरहून ओतून आणला, मामांनी चार दिवस हातानं स्क्रेप केला. आमचं पहिलं ड्रॉइंग बंदुकीच्या खालच्या फ्रेमला धरणारं होतं. कारण 12.7 च्या गोळीत जवानांच्या इन्सास रायफलच्या गोळीच्या साधारण दहापट एनर्जी, तो झटका खायला बॅरल आणि रिसीव्हर (बॅरलमागचा मुख्य भाग) फ्रेमच्या आतल्या आत मागं सरकतात आणि डँपर, म्हणजे झटका शोषणारा भाग, दाबला जातो. मग त्यांचा पोरगेला इंजिनियर फोनवर म्हणाला, क्लॅम्प रिसीव्हरवर घ्या, ॲक्युरसी चांगली येईल. मामा म्हणाले, "अरे बंदुकीला मागं सरकायला जागा तर ठेवा!" मी ऐकलं नाही, गिऱ्हाईक ना ते.

तिसऱ्या राउंडला फाउंडेशन बोल्ट ताणले, क्लॅम्पच्या मुळाशी बेडला केसासारखा तडा. डँपरला कामच उरलं नव्हतं, सगळा मार बेडवर. आणि मीटिंगमध्ये दोष कुणाचा? आमच्या कास्टिंगचा! रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगमधला तो बदल, तोंडी, लेखी कागद शून्य. पेमेंट सात महिने अडकलं, बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या, दोन पोरं सोडून गेली. वर कळस म्हणजे पुढचं फिक्स्चर आमच्याच शेजारच्या लाइनीतल्या एकानं केलं, आमच्या पहिल्या ड्रॉइंगवरून, फ्रेमला धरून! ते चाललं, नाव त्याचं झालं. ड्रॉइंग त्याच्याकडं कसं गेलं हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. अजून चहाच्या टपरीवर समोरासमोर येतो, तो नमस्कार करतो, मी गाडीचा आरसा पुसतो.

तेव्हा वाचवलं ते चिंचवडच्या एका शेठनी. आमच्याकडून प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचे गेज, घ्यायचे, बाकी काही नाही. बातमी कळली तसे स्वतः स्कूटरवर आले, सहा महिन्यांच्या गेजची ऑर्डर आणि निम्मा ॲडव्हान्स टेबलावर ठेवला, म्हणाले, "रेट मागचाच लावा, उगाच कमी करू नका." आजही त्यांचं काम आधी निघतं, मोठ्या कंपनीचा ट्रक दारात उभा असला तरी.

नवीन पोरांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. फोनवरची रिव्हिजन त्याच संध्याकाळी मेलवर मागा, आणि कोटेशनसोबत पूर्ण ड्रॉइंग कधीच देऊ नका, मोजमापं झाकून द्या.

तो बेड मात्र विकला नाही. तडा गेलेली बाजू कापून टाकली, उरलेल्यावर सरफेस प्लेट, म्हणजे मापं तपासायची सपाट प्लेट, ठेवलीय. मामा 2019 ला गेले, त्यांचा स्क्रेपर तिथंच खाली ड्रॉवरमध्ये असतो, कुणाला हात लावू देत नाही.