दाराच्या फटीमागचा गंज

गाडी साठच्या दशकातील, दोन दारांची होती. चालकाच्या बाजूचे दार नीट लागत नाही, बिजागऱ्या झिजल्या असतील, तेवढ्या बदलून द्या, असे मालकांचे म्हणणे होते. मी दार अर्धे उघडले आणि त्याचे मागचे टोक दोन्ही हातांनी उचलून पाहिले. बिजागऱ्यांत तसूभरही खेळ नव्हता. दार लावून मागची फट मोजली, तर ती खाली 7 मिलिमीटर आणि वर जेमतेम 2 मिलिमीटर भरली. दार लोंबले तरी फट अशीच दिसते, म्हणून दोष बहुधा बिजागरीवर ढकलला जातो; पण बिजागरी घट्ट असेल तर दाराभोवतीची चौकटच हलली आहे, असे समजावे.

या गाडीला वेगळी चासी नव्हती. अशा बांधणीत गाडीचा तळ, खांब आणि दारांखालची सिले, म्हणजे उंबऱ्यासारख्या पत्र्याच्या पोकळ तुळया, मिळूनच सांगाडा होतो. सिल कुजले की गाडी मधोमध खचते आणि दारामागच्या व दारापुढच्या खांबांची वरची टोके एकमेकांकडे झुकतात. मऊ कापडात गुंडाळलेले चुंबक सिलवरून फिरवले, तेव्हा ते पुढच्या चाकाजवळ चिकटले आणि दाराच्या मध्यावर येताच हातातून सुटून खाली पडले. ग्राइंडर लावल्यावर पांढऱ्या धुळीचा लोट उठला. पुट्टीचा थर 12 मिलिमीटर जाड होता, त्याखाली फायबरची जाळी होती आणि त्याही खाली कुजलेल्या पत्र्यावर रिव्हेट मारून बसवलेली नवी पट्टी होती. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये तो फुगला होता आणि त्याने पट्टी बाहेर ढकलली होती. पेचकस टेकवताच आतला पत्रा पापुद्र्यांसारखा सुटू लागला व त्यामागून ओल्या मातीचा ढेकूळ बाहेर पडला. पाणी वाहून जाण्यासाठी सिलच्या तळाशी जी भोके असतात, ती सगळी आधीच्या कारागिराने पुट्टीने लिंपून टाकली होती. याचा मला मनापासून राग आला. भोक बुजवलेले सिल म्हणजे पाण्याची टाकीच होय, आणि अशी दुरुस्ती न करता गाडी तशीच सोडली असती, तर ती कदाचित अधिक टिकली असती.

मालकांना बोलावून ते भगदाड दाखवले. ते खाली बसले, आत बोट घालून पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जे लागेल ते करा, पण झाकू नका."

सिल तसेच कापले असते, तर गाडी होती त्याच वाकलेल्या स्थितीत कायमची जोडली गेली असती. म्हणून आधी बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवली आणि तळाखाली जॅक व लाकडी ठोकळे लावून, वरची आणि खालची फट सारखी 5 मिलिमीटर होईपर्यंत गाडी अगदी हळूहळू उचलली. यातच दुपार झाली. नंतर दाराच्या पोकळीत चौकोनी नळीचे आडवे आणि तिरके आधार वेल्ड केले, आणि तेव्हाच कटरला हात लावला. गंजाचा डाग जिथे संपतो तिथे न थांबता, चकचकीत आणि पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापत गेलो. आतल्या पत्र्याचा पुठ्ठ्यावर साचा काढून त्याप्रमाणे नवा तुकडा घडवला आणि तो मिग वेल्डिंगने (तार वितळवून जोडणाऱ्या विजेच्या वेल्डिंगने) एकेक टाका घालत बसवला. एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, आणि मध्ये हात लावता येईल इतका पत्रा थंड होऊ दिला. एके ठिकाणी घाईत तीन टाके लागोपाठ पडले आणि पत्रा लगेच आत ओढला गेला. मागे डॉली, म्हणजे ठोक्यांना आधार देणारा लोखंडी ठोकळा, धरून वेल्डवर हातोडीचे ठोके देत तो ताणून सपाट करायला अर्धा तास लागला. बाहेरचे सिल बसवताना जोडावरच्या पत्र्यांना झिंकयुक्त प्रायमर लावला, कारण वेल्ड झाल्यावर दोन पत्र्यांच्या मध्ये ब्रश कधीच पोहोचत नाही.

चौथ्या दिवशी आधार कापून काढले. फट वर 5, खाली 5 होती. सिलमध्ये वरून तांब्याभर पाणी ओतले आणि मी जमिनीवर आडवा होऊन पाहत राहिलो; थोड्या वेळाने तिन्ही भोकांतून पाणी ठिबकू लागले. दोन दिवस सिल आतून पूर्ण वाळू दिले आणि मगच त्यात लांब नळीने मेण फवारले.