किनलॉकला जाताय? आधी वारा कुठून आहे ते बघा

ऑकलंडमध्ये कुणालाही विचारा, न्यूझीलंडमधल्या ताउपो तळ्याकाठच्या किनलॉक या गावाबद्दल एकच उत्तर मिळतं: "पोरांना बिनधास्त सोडा पाण्यात, स्विमिंग पूलच आहे तो." आम्ही आई-बाबा आणि दोन पोरांसकट जानेवारीत जाऊन आलो. जागा झकास आहे, परत जाईन. पण त्या 'बिनधास्त'वर ज्यांनी आम्हाला पाठवलं, ते बहुतेक स्वतः पाण्यात उतरलेच नसावेत.

गाव ताउपो शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर, तळ्याच्या उत्तर काठावर आहे. पुढे न्यूझीलंडचे पंतप्रधान झालेल्या किथ होलिओक यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी १९५०च्या दशकात इथली जमीन घेऊन हे सुट्टीचं गाव वसवलं. काठाला लांबलचक हिरवळ, मोठी झाडं, मुलांची खेळणी, टॉयलेट, बाजूला बोटींची मरिना. आजी-आजोबांना सावलीत चटई टाकून द्यायला याहून बरी जागा नाही. रेती मात्र मऊ नाही, खडीच म्हणा. तिच्यात प्यूमिसचे, म्हणजे ज्वालामुखीतल्या हलक्या सच्छिद्र दगडाचे, खडे मिसळलेले असतात. आईने एक उचलला आणि म्हणाली, "अगं, ही तर पाय घासायची वजरी!" पाण्यात टाकला तर तरंगला. पुढचा तासभर पोरांना दुसरा उद्योग नव्हता. अनवाणी चालायला मात्र हे खडे टोचतात. पोरांना पाण्यातले बूट घालाच, स्लिपर पाण्यात वाहून जातात.

आता मुख्य गोष्ट. हे तळं म्हणजे आपल्याकडच्या बागेतलं तळं नव्हे. ६१६ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खी बृहन्मुंबई मावेल. मोठ्या ज्वालामुखीच्या विवरात पाणी साठून झालेलं आणि सगळ्यात खोल जागी १८६ मीटर. काठाशी गुडघाभर पाणी दिसतं म्हणून पुढेही तसंच असेल असं धरून चालू नका. ताउपोच्या काठांवर उथळ पट्टा संपला की तळ एकदम खाली जातो. पाण्याचा रंग फिकट हिरव्याचा गडद निळा झाला की ती कड समजायची आणि पोरांना त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबवायचं. जीवरक्षक आम्हाला कुठेही दिसला नाही. लक्ष ठेवायचं ते आपणच, आणि तेही मोबाइल पिशवीत टाकून.

वाऱ्याचं गणित कुणीच सांगत नाही. गाव उत्तर काठावर, म्हणजे दक्षिणेचा वारा आला की लाटा काठावर येऊन आपटतात. दिसायला भीतिदायक, पण त्या निदान ढकलतात जमिनीकडे. उत्तरेचा वारा असला की काठाशी पाणी आरशासारखं, ऊन छान, सगळे खूश. आणि तोच वारा हवेच्या गादीला थेट तळ्याच्या मध्याकडे नेतो. आमच्यासमोर एका घरातली फुगवलेली गुलाबी फ्लेमिंगो, सुदैवाने रिकामी, बघता बघता इतकी लांब गेली की तिचा ठिपका झाला. बाप पोहत तिच्यामागे निघाला होता, त्याला बायकोने ओरडून परत बोलावलं. शहाणी बाई. फ्लेमिंगो तीस डॉलरला दुसरी मिळते. माझं स्पष्ट मत: फुगवायच्या गाद्या, बदकं, ट्यूब घरीच ठेवा. पोरांना अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट घाला. नुसत्या दंडातल्या फुग्यांवर विसंबू नका.

पाणी थंड आहे. "ज्वालामुखी आहे ना, कोमट असेल," हा समज डोक्यातून काढा. डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तर दात वाजतात. फेब्रुवारीत बरं, कारण एवढं पाणी तापायला अख्खा उन्हाळा लागतो. पोरांचे ओठ निळे दिसायची वाट बघू नका, त्याआधीच बाहेर काढा. गरम पाणी हवं तर ताउपो शहरात थर्मल पार्कमध्ये जा. तिथे गरम ओढा वायकाटो नदीला मिळतो, बसायला पैसे पडत नाहीत. फक्त डोकं पाण्याखाली घालायचं नाही, गरम कुंडांत नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा असू शकतो.

बोटींचा त्रास अपेक्षेपेक्षा कमी. काठापासून २०० मीटरच्या आत ५ नॉटच्या (ताशी साधारण ९ किलोमीटरच्या) वर जायचं नाही असा नियम आहे. बहुतेक पाळतात. पण मरिनाच्या तोंडाशी आणि बोटी उतरवायच्या जागेशी पोहू नका, तिथून येणाऱ्याला तुमचं डोकं दिसतच नाही.

सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या घराबद्दल बोलायलाच हवं. भाडं ठीक होतं. मग कळलं की चादरी, टॉवेल आपले आपण न्यायचे, नाहीतर माणशी पंचवीस डॉलर. आम्ही पाच, करा हिशोब. वर दीडशे डॉलर क्लीनिंग फी, आणि फ्रिजवर चिकटवलेली यादी: भांडी घासा, झाडून काढा, कचरा सोबत न्या. मग ती फी कसली, देव जाणे. बुकिंग करताना शेवटची ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका. किराणा आणि पेट्रोल ताउपोतच घ्या. सनस्क्रीन दर दोन तासांनी, बाबांनाही. "आपल्याला सवय आहे उन्हाची" म्हणून दुपारभर बसले, संध्याकाळी मान सोलवटली होती. इथलं ऊन गार वाऱ्यात लपून भाजतं.

शेजारच्या व्हाकाइपो उपसागराच्या दिशेने काठाकाठाने जाणारी वाट आहे, थोडी चाललो, सुंदर आहे. सायकलवाले मागून जोरात येतात, एवढंच.

आणि मासेखाऊंसाठी: ट्राउट दुकानात शोधू नका, न्यूझीलंडमध्ये ती विकायलाच बंदी आहे. स्वतः पकडायची, तर ताउपोचा वेगळा परवाना काढावा लागतो, बाकी देशाचा इथे चालत नाही. बाबांचा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न होता, "एवढं मोठं तळं आणि बाजारात मासा नाही?" पुढच्या वेळी कोलंबी ऑकलंडहून बर्फात घालून नेणार आहे.