आगरवाड्याची करडी माशी: कोस्टाचा निकाल लागला, नर मात्र सापडेना

सुटलं एकदाचं! मिठागरावरची करडी माशी टेथिनिड (बारीक माश्यांचा एक गट) निघाली. महिनोनमहिने जी ओळखीच्या किल्लीतल्या एका कपलेटवर (दोनातून एक पर्याय निवडायच्या पायरीवर) अडकून बसली होती, तीच.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना माल ठाऊक आहे. गोव्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांत, बांधावर जाळी फिरवून उन्हाळ्यात आणलेल्या, दोनेक मिलिमीटरच्या, अंगाला राख फासल्यासारख्या माश्या. खारं पाणी आणि शेवाळाचा थर म्हटला की कोणीही आधी एफिड्रिडच (अशा जागी सर्रास दिसणारं माश्यांचं कुळ) म्हणेल. पण चेहरा फुगीर नाही, आणि पंखाच्या बुडाशी छोटा का होईना, बंद क्यूए सेल (शिरांमधला कप्पा) आहे. एफिड्रिडांत तो नसतो, त्यामुळे ते बाद.

खरी डोकेदुखी त्याच्या पुढची. कोस्टाला, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरेला, ब्रेक (खंड) एक की दोन? ह्यूमरल (पंखाच्या बुडाजवळचा) आणि सबकोस्टल (त्याच्या पुढचा) असे दोन्ही असतील तर वाट मिलिकिड कुळाकडे जाते, फक्त सबकोस्टल असेल तर कॅनासिडांकडे (टेथिनिड आता याच कुळात). सबकोस्टल ब्रेक लख्ख दिसत होता. ह्यूमरल शिरेपाशी मात्र एक फिकट ठिपका. माशी डावीकडून पाहिली तर ब्रेक वाटायचा, पिन जरा फिरवली की गायब. माझा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक ४५ पटीवर संपतो. दोन पटींची जादा भिंग लावली तर ९० मिळतात, पण मग भिंग आणि माशी यांच्यात चिमटा शिरायला जागा उरत नाही. शिवाय रिंग लाइट! सूक्ष्मदर्शकाबरोबर फुकट येणारी ती एलईडीची कडी मी कायमची काढून ठेवली आहे. पंखावर नुसती चकाकी आणते, ब्रिसल्सच्या (अंगावरच्या राठ केसांच्या) सावल्या पुसून टाकते. वाकड्या मानेचे दोन साधे दिवे आणि मध्ये ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, एवढ्यावर फरक बघा.

शेवटी एका माशीचा उजवा पंख मुळापासून काढला. माउंटिंगचं कुठलंही द्रव न वापरता काचपट्टीवर कोरडाच ठेवला, वर कव्हरस्लिप आणि कडेला नेलपॉलिश. मावसबहिणीच्या शाळेतला कंपाउंड सूक्ष्मदर्शक मिळाला (ताई, पुढच्या वेळी भिंगं पुसून ठेवीन). १०० पटीवर शंकाच उरली नाही: ह्यूमरल जागी कोस्टा सलग आहे, फक्त तिथला रंग फिका. एकच ब्रेक. काचपट्टी सहज काळ्या कागदावर धरली, तर पंखभर गुलाबी-हिरवे पट्टे चमकले. ओळखीला या माशीत त्याचा उपयोग शून्य, पण अर्धा तास तेच बघत बसलो.

ब्रिसल्सनीही साक्ष दिली. पिनवरच्या माश्यांचे पोस्टऑसेलर (डोक्यावरचे मागचे ब्रिसल्स) जाळीतच मोडले होते, म्हणून बाटलीतली एक अल्कोहोलमध्ये बुडवूनच पाहिली. द्रवात ब्रिसल्स सुटे उभे राहतात, दिशा स्वच्छ कळते. पोस्टऑसेलर एकमेकांकडे वळलेले, फ्रंटो-ऑर्बिटल (कपाळावरचे, डोळ्यांच्या कडेचे) सगळे बाहेर झुकलेले. मिलिकिडांत खालचे आत वळतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी उत्तर एकच. ओल्या माशीवरची राख मात्र दिसेनाशी होते, त्यामुळे काही माश्या कोरड्या ठेवायलाच हव्यात.

उत्तर अमेरिकेच्या माश्यांच्या मॅन्युअलचा (ओळखीच्या ग्रंथाचा) १९८७चा दुसरा खंड वापरत असाल तर तिथे टेथिनिडी आणि कॅनासिडी ही वेगळी कुळं दिसतील. डी. के. मॅकअल्पाइन यांनी २००७मध्ये टेथिनिडांना कॅनासिडीत घातलं, म्हणून आता ते टेथिनिनी हे उपकुळ. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या मालाला आफ्रिकेचं मॅन्युअल जास्त जवळचं, आणि त्याच्या पीडीएफ फुकट आहेत.

आता रडगाणं. जीनसपर्यंत जायला, निदान खात्रीने जायला, नर हवा, कारण ओळख पटते ती त्याच्या पोटाच्या टोकाच्या जननावयवांवरून, आणि सगळा माल माद्यांचा! पोटातलं मांस विरघळवायला केओएचचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं) दहा टक्क्यांचं द्रावण करून ठेवलंय, ग्लिसरीनच्या कुप्या तयार आहेत, उकलायला पोट मात्र नाही. मिनुटन (बारीक माश्या टोचायच्या अगदी नाजूक) पिनांचंही तेच. एका पुरवठादाराने ज्या पाठवल्या त्या इतक्या जाड की दोन मिलिमीटरच्या माशीचा थोरॅक्स (छाती) फुटतो. तूर्त कागदी त्रिकोण आणि थेंबभर डिंक. पावसात डब्यातली ओल शोषणारी सिलिका बघता बघता गुलाबी होते, तव्यावर परतून पुन्हा निळी करायची, हे चालूच.

बेत असा होता की जानेवारीत मिठागरं सुरू होईपर्यंत थांबायचं, कारण सध्या तिथे पावसाचं गोडं पाणी. तोवर सत्तरी तालुक्यातल्या फोरिडांची (माश्यांच्या आणखी एका कुळाची) बाटली उघडायची. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, टेथिनिड म्हणजे मुळात किनाऱ्यावरच्या माश्या, वाहून आलेल्या शेवाळावर घोटाळणाऱ्या. आणि आगरवाड्याहून शापोरा नदीच्या कडेने खाली गेलं की मोरजीचा किनारा! पावसाळ्यात समुद्र तिथे जो ढीग टाकतो तो चाळायला जानेवारी कशाला हवी? तेव्हा फोरिड राहू देत बाटलीत. पाऊस उघडला आणि ओहोटी सकाळची असली की पूटर (तोंडाने ओढून किडे टिपायची नळी) घेऊन मोरजी, आणि ढिगाच्या कडेला माश्या पकडायला साबणपाण्याच्या पांढऱ्या थाळ्या. पिवळ्यांपेक्षा पांढऱ्या बऱ्या की कसं, हे कोणी किनाऱ्यावर करून पाहिलं असेल तर आधीच सांगा, म्हणजे दोन्ही उचलून न्यायला नकोत.