माइल्स कुठल्या खात्यात? माझा अनुभव

ऑफिसच्या कामासाठी विमानाने सतत फिरणं सुरू झालं, की तिकीट कंपनी काढते आणि एअरलाइनही बहुतेक वेळा ट्रॅव्हल डेस्कच ठरवतो. आपल्या हातात उरतं ते एवढंच, माइल्स (प्रवासाबद्दल एअरलाइन देते ते पॉइंट) कुठे जमा करायचे.

प्रवास एका एअरलाइनने करायचा आणि माइल्स तिच्या पार्टनरच्या खात्यात घ्यायचे, हे चालतं. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००) हे एअरलाइन्सचे तीन मोठे गट. जुनी तिकिटं काढून बघितली, तर माझा बहुतेक प्रवास स्टार अलायन्सच्या विमानांचा निघाला. म्हणजे गट ठरला. त्यातल्या कुठल्या एअरलाइनचा प्रोग्रॅम (माइल्स जमा करायची योजना) घ्यायचा, हे ठरवताना मात्र घाम फुटला.

आधी मनाशी ठरवलं की मला फुकट तिकिटांपेक्षा स्टेटस (सतत उडणाऱ्यांना मिळणारा वरचा दर्जा) हवंय. सुट्टीत पुन्हा विमानात बसायची हौस मला नाही! गोल्ड स्टेटस मिळालं की इकॉनॉमीच्या तिकिटावरही लाउंज, वेगळी चेक-इनची रांग आणि जादा सामान मिळतं.

मग बुकिंग क्लास, म्हणजे तिकीट कुठल्या भाड्याचं ते. ई-तिकिटावर 'इकॉनॉमी'च्या शेजारी एक अक्षर असतं, वाय, के, टी असं काहीतरी. एकाच रांगेत बसलेल्या दोघांपैकी एकाला पूर्ण माइल्स आणि दुसऱ्याला जेमतेम पाव, हा त्या अक्षराचा प्रताप. तेच अक्षर एका प्रोग्रॅममध्ये बऱ्यापैकी माइल्स देतं आणि दुसऱ्यात शून्य. मी आमच्या डेस्कच्या नेहमीच्या अक्षरांची यादी केली आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या तक्त्याशी ताडून पाहिली. कंटाळवाणं काम, पण निम्मे पर्याय तिथेच गळले.

अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेडने २०१५ पासून आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ पासून स्वतःच्या तिकिटांवर अंतराऐवजी पैशांच्या हिशोबाने माइल्स द्यायला सुरुवात केली. ऐनवेळी महागडी तिकिटं निघत असतील तर हे फायद्याचं. आमच्याकडे मीटिंगच्या तारखा खूप आधी ठरतात, तिकिटं स्वस्तात निघतात, त्यामुळे माझ्यासाठी अंतरवालाच बरा.

एक गंमत अशी की युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड मेंबरला अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरताना लाउंज मिळत नाही, पण स्टारमधल्याच दुसऱ्या एअरलाइनच्या गोल्डला मिळतो. त्यामुळे शेवटी मी ज्या एअरलाइनने क्वचितच उडते, तिचाच प्रोग्रॅम घेतला.

आता काम उरलं डेस्कच्या प्रोफाइलमधला नंबर बदलायचं. तरीही चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासवर कुठला नंबर छापलाय ते बघतेच, कारण चुकीच्या खात्यात गेलेले माइल्स परत वळवणं महाकठीण. माइल्स जमा होईपर्यंत पास फेकत नाही. एकदा ते आलेच नाहीत, तेव्हा क्लेमच्या फॉर्ममध्ये पास आणि तेरा आकडी तिकीट नंबर दोन्ही मागितले होते.