गवंड्याची लाईनदोरी

मागच्या आठवड्यात भिलवडीला आमच्या परड्यात कंपाउंडची भिंत बांधायला काढली. गवंडीमामांनी पिशवीतनं आधी दोरीच काढली, एक टोक कोपऱ्यातल्या विटेला गुंडाळलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, ताणून धरा, लाईनदोरी ढिली पडली की भिंतीला पोट येतंय."

तेव्हापासनं हा शब्द डोक्यातनं जाईना. दिवसभरात किती वेळा लाईन म्हणतो आपण! रेशनला लाईन, नदीवरनं शेताला आलेली लाईन फुटली, लाईट गेली की लाईनमनला फोन, वाया गेलेलं पोरगं कामाला लागलं की लाईनीवर आलं. एवढे सगळे अर्थ आणि मूळ कुठं, तर जवसात!

जवस म्हणजे आपण चटणी करतो तेच. लॅटिनमध्ये त्याला लिनुम म्हणतात. जवसाची खोडं पाण्यात कुजवून, वाळवून, झोडपली की आतनं लांब चिवट तंतू निघतात, त्याचं कापड म्हणजे लिनन. त्या धाग्याला लिनेआ म्हणायचे आणि धागा ताणला की सरळ रेघ दिसते, म्हणून पुढं रेघेलाच लाईन, मग ओळ, रांग, रूळ, तार, सगळ्यालाच. टेलर ब्लाऊजला लायनिंग लावतो तेही हेच, कपड्याला आतनं लिनन लावायचे म्हणून. डेडलाईन मात्र वाचून अंगावर काटा आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या छावणीत कैद्यांभोवती एक हद्द आखलेली होती, ती ओलांडली की थेट गोळी.

आणि आपल्याकडं बघा ना, सुतार हा शब्द सूत्रधारावरनं आलाय, सूत्र म्हणजे दोरा, ज्याच्या हातात दोरी तो सुतार. आजही मिस्त्री म्हणतात 'एक सूत कमी कर', ते सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि इंग्रजीतही लाईन नावाचं जुनं माप होतं, इंचाचा बारावा भाग. एवढ्या लांबच्या दोन भाषा आणि दोघींनी दोऱ्यावरनंच माप काढलं, मला हे फार म्हणजे फारच आवडलं.

मामांना हे सगळं सांगितलं. हातातली थापी थांबवून त्यांनी दोरीकडं बघितलं. "ही नायलॉनची हाय ताई. आमचा बा सुतळी वापरायचा," म्हणाले, आणि दोरी एक थर वर सरकवली.