तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटोमाउंट लागतंच का?

"युडिस्क्स काढून टाकलंयस, मग पेनड्राइव्ह लावतेस कशी?" हे दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. युडिस्क्स म्हणजे लिनक्सवरची सर्व्हिस, जिच्यामार्फत डेस्कटॉप लावलेली डिस्क आपोआप माउंट करतो, म्हणजे एखाद्या फोल्डरवर चढवतो. लावते हाताने. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे चढवायची त्या यादीत) यूयूआयडीची, म्हणजे डिस्कच्या ओळखक्रमांकाची, एक ओळ आणि यूजर ऑप्शन, मग रूटचा (अ‍ॅडमिनचा) पासवर्डही लागत नाही. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ही सर्व्हिस कधीच लागत नव्हती. पण 2021 मध्ये मी हे ज्या जोरात सांगायचे तो जोर आता राहिला नाही.

त्या दिवाळीत साफसफाई करताना बॅकअपची डिस्क काढली, पुसली, परत लावली. डिस्कचा दिवा लागला तेवढंच बघितलं आणि माउंट करायचं राहिलं. रात्री दोनला क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) आरसिंक, म्हणजे बॅकअप कॉपी करणारी कमांड, चालायचं, ते त्याच रात्रीपासून डिस्क जिथे चढायची त्या एमएनटीखालच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्याच एसएसडीवर कॉपी करत बसलं, एरर नाही काही नाही, एसएसडी अर्धी रिकामी होती म्हणून भरलीसुद्धा नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मी गावाला जाऊन आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या, फोनमधून लॅपटॉपवर घेतल्या आणि बॅकअप आहे म्हणून फोनमधून डिलीट केल्या. जानेवारीत एसएसडी गेली. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर त्यात दिवाळीपर्यंतचंच सगळं. आजी तोवर गेली होती.

ऑटोमाउंट असतं तर वाचलं असतं का? मी बरेच दिवस भांडायचे की नाही, युडिस्क्स मीडिया फोल्डरखाली भलत्याच जागी चढवतं, बॅकअपच्या स्क्रिप्टला काय कळणार होतं. पण एफएसटॅबमध्ये ओळ असली की ते त्याच जागी चढवतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. ऑटोमाउंटला लॉगिन लागतं, तर लॉगिन असतानाच डिस्क लावली होती. वाचलं असतं बहुतेक.

तरी चूक स्क्रिप्टचीच होती असं मी अजून म्हणते. आता ती डिस्क चढलीय का ते आधी माउंटपॉइंट कमांडने तपासते, आणि रिकामा फोल्डर चॅटर कमांडने इम्युटेबल (न बदलता येणारा) केलाय, डिस्क चढलेली नसेल तर रूटलाही तिथे लिहिता येत नाही. हे ऑटोमाउंट असलं तरी करायलाच हवं होतं. आणि जून 2025 मध्ये युडिस्क्स वापरतं त्या लिबब्लॉकडेव्ह लायब्ररीत सुरक्षेचं भोक निघालं, युडिस्क्समधून थेट रूटचे अधिकार मिळत होते, तेव्हा वाटलं की आपलं बरोबरच होतं.

बाबांच्या लॅपटॉपवर मात्र मी युडिस्क्सला हात लावलेला नाही. माझ्या मशीनवर परत टाकायचं म्हणून दोनदा कमांड टाइप केली आणि एंटर न मारता खोडली.